आधी तीन पिढ्या विचार

प्रिय,

प्रशिक्षणात डीएनएवर तासन्‌तास ऐकलं आणि गृहभेटीला त्यातलं काय वापरायचं तेच कळेना, असं लिहिलंयस. प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम करू का, असंही विचारतेस. हौस असेल तर जरूर कर. घराण्यात चालत आलेले आजार हेरायला गृहभेटीला मात्र वंशावळ लागते. तीन पिढ्यांची, तुझ्या हाताने काढलेली.

चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, आजारी माणसाची खूण भरीव, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. एवढं शिकवलं असेलच. पण "घरात कुणाला आनुवंशिक आजार आहे का?" असं विचारलंस की उत्तर "नाही" येणार, आणि तू "नाही" लिहून मोकळी होणार. अगं, लोकांच्या लक्षात आजारांची नावं राहत नाहीत, माणसं राहतात. तेव्हा माणसांबद्दल विचार. भावंडं किती? सगळी आहेत? जी गेली ती कितव्या वर्षी? पोटातच गेलेलं मूल? लहानपणी सारखं रक्त चढवावं लागायचं असं कुणी? आणि वडिलांकडची बाजू सोडू नकोस. स्तनाच्या कर्करोगाचं विचारताना बऱ्याच जणी आईकडचं लिहून थांबतात. बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यतेने.

एखादी बाई लोहाच्या गोळ्या नेमाने घेते तरी हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, कमी; फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ठीक. आपण तिलाच रागावतो, गोळ्या चुकवतेस म्हणून. जरा तिच्या भावंडांचं विचार. बहीणही "कायम फिकट", एक भाचा लहानपणीच गेलेला, असं निघालं की रागवायचं सोडून हिमोग्लोबिन ए२ची, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच एका प्रकाराची, तपासणी सुचव. ते ३.५ टक्क्यांच्या वर गेलं तर बहुधा ती बीटा थॅलेसेमियाची, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणाऱ्या आनुवंशिक आजाराची, वाहक असते : जनुकाची एक प्रत सदोष, पण स्वतः आजारी नाही. मग नवऱ्याचीही तपासणी हवी, शक्यतो मूल व्हायच्या आधी.

दोघंही वाहक निघाले तर खरी कसोटी तुझी. प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, दोन्ही नसण्याची २५. परीक्षेत तू हे बिनचूक लिहिलं असशील. समोरची बाई ऐकते ते वेगळंच : चारातलं एक झालं, आता पुढची तीन सुखरूप. तिच्या आणि नवऱ्याच्या हातात एकेक नाणं दे, एकदम उडवायला सांग. छापा म्हणजे सदोष जनुक; दोन्ही छापे आले तर आजार. पुन्हा उडवायला लाव. मागच्या वेळी काय पडलं ते नाण्यांना ठाऊक नसतं, हे तिला दिसू दे. तिने काय ठरवायचं ते मात्र तू सांगायचं नाहीस. तुझं मत विचारलं तरी नाही.

मी शिकवायचे तेव्हा पेशीविभाजनाच्या आकृत्या बाजूला ठेवून दिवसभर वंशावळीच काढून घ्यायचे. विज्ञान पातळ केलं म्हणून माझ्यामागे बोललं गेलं. बोलोत. पुढे सरावाचे ते तास कापले, मी भांडले, हरले. अजून सलतं. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला, तपासण्या स्वस्त होत गेल्या, आणि तरी कुणाची तपासणी आधी करायची हे त्या चौकोन-वर्तुळांवरूनच ठरतं. मी हट्टी होते असं म्हणतात. असेन. पण सांग, पहिलं रक्त कुणाचं घ्यायचं हे दुसरं कशावरून ठरवणार होते ते?

एक जपायचं. ती वाहक आहे हे घरातल्या कुणालाही तिच्या परवानगीशिवाय कळता कामा नये. वंशावळ उघड्यावर ठेवू नकोस, आणि गर्भपाताचं तिला एकटीला गाठून विचार.

अभ्यासक्रमाचं नंतर बघू. आधी तुझ्या स्वतःच्या घरची वंशावळ काढून पाठव. आत्यांची मुलं गाळलेली दिसली तर तशीच परत पाठवीन.

तुझी,
जुनी शिक्षिका