मुलुंडच्या बाल्कनीत १८.२ आणि सांताक्रूझला १४: यंत्र बिघडलेलं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता मुलुंड पश्चिमेला, सातव्या मजल्यावर. गारठा सुरू झाला म्हणून कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर आणून बाल्कनीत टांगलात. ज्या पहाटे हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेचं किमान १४ अंशांच्या घरात होतं आणि बदलापूरचे तुमचे मेहुणे "आमच्याकडे ११" म्हणत स्क्रीनचा फोटो पाठवत होते, त्याच पहाटे तुमच्याकडे १८.२. यंत्र बिघडलंय का, महागातलं घ्यावं का, आणि नोंद करायची तरी किती वाजता?

यंत्र बहुतेक ठणठणीत आहे. त्यानं तुमच्या बाल्कनीचं तापमान सांगितलं, तुम्ही ते मुलुंडचं समजलात. मुंबईत हौशी नोंदी ठेवणाऱ्यांच्या आकड्यांमध्ये जो घोळ असतो, त्यातला मोठा वाटा जागेचा असतो, यंत्राचा कमी.

बाल्कनीचं गणित बघा. दिवसभर तापलेली काँक्रीटची भिंत रात्रभर उष्णता सोडत असते. डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब, त्यामुळे उघडं आकाश अर्धंही दिसत नाही, आणि जिथून आकाश दिसत नाही तिथली उष्णता आकाशात निसटणार कशी? शेजारी एसीचं आउटडोअर युनिट असेल तर विचारूच नका. थंडीत तुम्ही एसी लावत नसाल, पण खालच्या मजल्यावरचे कुणीतरी लावतातच. शिवाय आपल्याकडे हिवाळ्यात वॉचमन पुठ्ठे आणि वाळकी पानं गोळा करून गेटपाशी शेकोटी पेटवतात. एकदा पहाटे खाली डोकावून तिच्या धुराकडे बघा. वारा पडलेला असेल तर धूर थोडा वर जातो, मग एका उंचीवर अडतो आणि तिथेच आडवा पसरतो. ती उंची बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या आसपास असते. म्हणजे तिथे वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार आहे. शांत, निरभ्र रात्री जमीन आधी थंड होते आणि जमिनीलगतची हवा सगळ्यात गार राहते. तुम्ही सातव्या मजल्यावर, म्हणजे वीसेक मीटर उंचीवर. भिंत, स्लॅब, एसी काहीच नसतं तरी अशा पहाटे तुमचा आकडा अंगणातल्या आकड्यापेक्षा जास्तच आला असता.

वेधशाळेत थर्मामीटर ठेवतात तो पांढऱ्या रंगाचा, झडपांच्या भिंती असलेला लाकडी पिंजरा तुम्ही फोटोत पाहिला असेल. स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात त्याला. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरनं एकोणिसाव्या शतकात तो बनवला. हवा आत खेळावी, ऊन आणि जमिनीची धग मात्र थेट लागू नये, एवढंच त्याचं काम. त्याचं दार आपल्याकडे उत्तरेला असतं, म्हणजे वाचताना ऊन आत येत नाही. थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, आणि आजूबाजूला मोकळी जागा. मुंबईत ही शेवटची अट पाळायला नुसता थर्मामीटर असून भागत नाही, बंगला लागतो.

मग आपण काय करायचं? सोसायटीची गच्ची. आदर्श नाही, कारण स्लॅब तापतो, पण बाल्कनीपेक्षा कितीतरी बरी. सेक्रेटरींना आधी विचारून घ्या, आणि "वायर नाही, ड्रिलिंग नाही, बॅटरीवर चालतं" ही तीन वाक्यं आधीच सांगून टाका. पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा (टाकीतलं पाणी रात्री हवेपेक्षा बरंच कोमट असतं), सोलर पॅनेलपासून लांब, लिफ्टच्या खोलीच्या भिंतीपासूनही लांब. स्लॅबपासून निदान दीड मीटर वर. पिंजरा विकत घ्यायची गरज नाही. कुंड्यांखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ बशा आणा, सगळ्यात वरची सोडून बाकीच्यांना मधोमध मोठं भोक पाडा, पालथ्या करून लांब स्क्रूवर एकीवर एक चढवा आणि दोन बशांमध्ये पाइपाचे छोटे तुकडे घालून बोटभर फट ठेवा. सेन्सर मधल्या पोकळीत लोंबता राहू द्या, कुठेही टेकता कामा नये. कबुतरं वर बसतातच. वरच्या बशीवर मासे पकडायची नायलॉनची दोरी दोन-तीन पदरी ताणून बांधली की बसत नाहीत.

जागेचं महत्त्व आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेला फार पूर्वी कळलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १८२६ मध्ये उभी राहिलेली ही वेधशाळा पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी करायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं, कारण ट्रामच्या विजेनं आकडे बिघडले असते. उपकरणांत खोट नव्हती, तरी गाव बदलावं लागलं.

आता वेळ. आपलं हवामान खातं किमान तापमान सकाळी साडेआठला वाचतं आणि कमाल संध्याकाळी साडेपाचला. तुम्हीही तेच करा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आगेमागे, आणि पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्योदयाच्या आसपासच, मध्यरात्री नाही. यंत्र मध्यरात्री आपोआप रिसेट होत असेल तर ती सोय बंद करा. मग किमान नेमकं कधी पुसायचं? सकाळी वाचल्यावर लगेच नको, संध्याकाळी कमाल वाचताना पुसा. कारण एखादी सकाळ अगदी गार असेल आणि साडेआठला १७ असतानाच तुम्ही रिसेट केलंत, आणि पुढच्या रात्री थंडी ओसरून पारा १९ च्या खाली गेलाच नाही, तर यंत्र दुसऱ्या दिवसाचं किमान म्हणून ते जुनंच १७ दाखवणार. गेलेली थंडी वहीत एक दिवस जास्त मुक्काम करते.

आता मेहुण्यांचे ११. खोटं बोलत नसावेत. बदलापूर उल्हास नदीच्या खोऱ्यात, एका बाजूला माथेरानची डोंगररांग. शांत रात्री डोंगरउतारावरची गार, जड हवा सखल भागात येऊन साचते. समुद्र दूर असल्यानं त्याची ऊबही पोचत नाही. मुंबईत आरे, पवई, राष्ट्रीय उद्यानाचा परिसर असाच गार पडतो. उलट कुलाबा म्हणजे तिन्ही बाजूंनी पाणी. सांताक्रूझचं जानेवारीतलं सरासरी किमान साधारण १७, तर कुलाब्याचं १९ च्या वर.

पण सगळी थंडी एकाच जातीची नसते, आणि मला विचाराल तर नोंदी ठेवण्यातली खरी गंमत इथेच आहे. पहिली थंडी बाहेरून येते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान-गुजरातवरून उत्तर महाराष्ट्रात आणि कोकणात उतरतात. अशा वेळी वारा रात्रीही वाहता असतो, ओठ फुटतात, दुपारीही स्वेटर काढवत नाही आणि कुलाब्यालाही हुडहुडी भरते. दुसरी थंडी इथल्या इथे तयार होते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला, आणि जमीन आपली ऊब रात्रभर आकाशाला देऊन टाकते. या थंडीत बदलापूर-आरे गारठतात, कुलाब्याला तिचा पत्ताही नसतो, सकाळी रस्त्यावर धुरकं दाटतं आणि दुपारी मात्र ३२-३३ पर्यंत ऊन चटके देतं, विशेषतः समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुरू झाले तर. मुलुंडपर्यंत ते तसेही उशिराच पोचतात.

यातली कुठली थंडी आहे हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे सांताक्रूझ आणि कुलाबा दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे. सांताक्रूझ एकटंच घसरलं असेल तर थंडी घरची, दोन्ही मिळून घसरली असतील तर पाहुणी. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ आणि कुलाब्याला ११.७ नोंदलं गेलं, दोन्हीकडचा नीचांक एकाच दिवशी. कुलाब्याला ११.७ म्हणजे थंडी उत्तरेकडून चालून आली होती, नुसती रात्र निरभ्र असून समुद्राच्या कुशीतलं कुलाबा तेवढं खाली जात नाही.

म्हणून वहीत नुसता आकडा लिहू नका. माझ्या गच्चीवरच्या वहीतली एक ओळ नमुन्यादाखल देतो: "किमान १५.४. साडेआठला १९.८. वारा ईशान्येचा, हलका, पिंपळाची पानं हलतात, फांद्या नाहीत. ढग नाहीत. येऊरचा डोंगर पुसट, त्यामागचं काही दिसत नाही. दव नाही." वाऱ्याचं यंत्र नसलं तरी अडत नाही, झाड आणि वाळत घातलेले कपडे पुरतात. पहाटे जमिनीवरून येणारे मतलई वारे कधी थांबले आणि दुपारी खारे वारे कधी आले, ही वेळ टिपलीत तर फारच उत्तम. दृश्यमानतेसाठी ठरावीक अंतरावरच्या दोन-तीन खुणा पकडा आणि रोज त्याच बघा. शेजारी बांधकाम सुरू झालं, गच्चीला पांढरा रंग दिला, असलं काही झालं तर तारखेसह लिहा. दोन वर्षांनी तुमचा पारा अचानक एका अंशानं का सरकला, याचं उत्तर तिथेच सापडेल.

एक विनंती. "मुंबईत थंडीची लाट" असं स्वतःच्या यंत्रावरून जाहीर करू नका. किनाऱ्यावरच्या ठिकाणांसाठी हवामान खात्याचा निकष असा की किमान तापमान १५ किंवा त्याखाली हवं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त घसरलेलं हवं. म्हणजे सांताक्रूझला साधारण साडेबारापर्यंत उतरल्याशिवाय लाट नाही. १४ ला नुसतीच छान थंडी. आणि सरासरी ही त्या ठिकाणाची कित्येक वर्षांची असते. तुमच्या बाल्कनीची सरासरी अजून जन्मायची आहे. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा तर तुलनेला घेऊच नका. तो बहुधा मॉडेलमधून काढलेला असतो, तुमच्या गल्लीत कुणी मोजलेला नसतो.

राहता राहिला यंत्राचा खरेपणा. तुमच्या यंत्राला वायरच्या टोकाशी धातूची, पाणी न शिरणारी नळी असेल तर थर्मासमध्ये बर्फाचा बारीक चुरा भरा, चुरा भिजेल इतकंच पाणी घाला, नळी मधोमध खुपसा आणि हलवत राहून पंधरा मिनिटांनी बघा. शून्य यायला हवं. ०.६ आलं तर तेवढा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, झालं काम. नळी नसेल तर हा प्रयोग करू नका, सेन्सर मरेल. बाजारातले साधे डिजिटल थर्मामीटर एखाद्या अंशानं इकडेतिकडे असतातच. सुटा सेन्सर आणून स्वतः जोडणी करणार असाल तर डीएचटी ११ नावाचा सेन्सर घेऊ नका, त्यात दोन अंशांपर्यंतची चूक कंपनीच मान्य करते. एसएचटी ३१ थोडा महाग, पण नेमका.

तेव्हा नवीन यंत्र आत्ता नको. आधी बशा आणा, हेच यंत्र गच्चीवर न्या आणि हा गारठा आहे तोवर गच्चीचे आकडे इथे टाका, सोबत सांताक्रूझ आणि कुलाबा. आणि हो, तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला उघडते ते लिहिलं नाहीत. पश्चिमेला असेल तर संध्याकाळचं ऊन भिंतीत किती मुरतं यावरही बोलता येईल.