साताऱ्याची थंडी रत्नागिरीकरांना सोसेल का?

रत्नागिरीहून साताऱ्याला बदली झाली आहे, वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण झाल्याच्या बातम्या वाचून धास्ती वाटते आणि सोबत वयस्कर आई असल्यामुळे घर कोठे घ्यावे हे ठरत नाही, असे आपण विचारले आहे.

ती बातमी महाबळेश्वरची आहे, सातारा शहराची नव्हे. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे आणि सातारा साधारण त्याच्या निम्म्या उंचीवर. शिवाय तेथेही हिमकण दिसतात ते मुख्यतः तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात. आकाश निरभ्र असून वारा पडलेला असला, की रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते, तिला लागून असलेली हवा गार व जड होते आणि उतारावरून सरकत खोलगट जागी साचते. उंचावर तेवढी थंडी, हे त्यामुळे अर्धेच खरे. हीच वेण्णा नदी खाली येऊन साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते आणि तेथील नदीकाठचे मळे सकाळी धुक्यात बुडालेले असतात, तेव्हा चढावरच्या पेठांतून ते धुके खाली पसरलेले दिसते.

चढावर राहावे, तर तेथे दुसरी अडचण आहे, आणि ती मला पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या खोलीत कुडकुडल्यावरच कळली. जुने शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला वसलेले आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून दक्षिणेकडूनच फिरतो, त्यामुळे अगदी पायथ्याच्या घरांना सकाळचे ऊन डोंगराआडून उशिरा मिळते. मी आजही माची पेठेत राहतो. ऊन आधी समोरच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर पडते, मग भिंतीवरून उतरते आणि रस्ता ओलांडून आमच्या दुसऱ्या पायरीवर येते. गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली त्या पायरीवरच ठेवलेली असते. ती पातळ होईपर्यंत अंघोळीची घाई कोणी करत नाही. मोबाइलवर अंशांचा आकडा दिसतो, पण ही पायरी दिसत नाही, म्हणून तो पाहणे मी जवळजवळ सोडून दिले आहे.

आपल्याला गारठ्यापेक्षा कोरडेपणा आणि दिवसरात्रीतला फरक अधिक जाणवेल. रत्नागिरीला समुद्र रात्र फार गार होऊ देत नाही. येथे दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि रात्री गोधडी पुरत नाही. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. आईंना पहाटे फिरायची सवय असेल, तर ती डिसेंबर-जानेवारीपुरती मोडावी, कारण सर्वांत गार वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या आसपासची असते. संक्रांतीनंतर लगेच सूर्योदय लवकर होईल असेही धरू नये. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला, तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर असतो.

घर पाहायला मात्र दुपारी येऊ नये, दुपारी सगळीच घरे उबदार वाटतात. सकाळी आठच्या सुमारास यावे, पूर्व आणि दक्षिण बाजू मोकळी आहे का ते पाहावे आणि गल्लीतली म्हातारी माणसे त्या वेळी कोणत्या कट्ट्यावर बसलेली आहेत, याकडे लक्ष द्यावे. त्या कट्ट्याच्या आसपासचे घर भाड्याला थोडे महाग पडले, तरी मी तेच घेतले असते.