‘उच्च स्थाने’ म्हणजे मोठी पदे का?

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, १७व्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात यहूदा राज्याचे धन आणि भांडारे लुटीला जातील असा इशारा आहे आणि लगेच ‘उच्च स्थाने’ येतात. मोठ्या पदांवरच्या धनाढ्यांना ही शिक्षा, असा अर्थ घ्यायचा का?

तसा घेऊ नये. आज आपण उच्च स्थान म्हणतो ते मानाच्या, अधिकाराच्या जागेला, म्हणून गफलत होणे साहजिक आहे. मूळ हिब्रू शब्द ‘बामा’, अनेकवचन ‘बामोथ’, म्हणजे जिथे बळी अर्पण करीत आणि धूप जाळीत असे पूजास्थान. पुष्कळदा ते टेकडीवर असे, म्हणून ‘उच्च’. पण ७व्या अध्यायात यिर्मया हिन्नोमच्या खोऱ्यातल्या ‘तोफेत’ नावाच्या पूजास्थानालाही हाच शब्द वापरतो, तेव्हा उंचीला फार चिकटून राहू नये. शब्द एकट्या यहूद्यांचाही नाही. १८६८ साली उजेडात आलेल्या मेशाच्या शिलालेखात हा मवाबी राजा आपण कमोश देवासाठी बामा बांधल्याचे सांगतो. गिबोन गावच्या बामावर तर इस्राएलच्या शलमोन राजाने बळी अर्पिले आणि तिथेच त्याला देवाचे स्वप्नदर्शन झाले. यिर्मयाच्या काळापर्यंत मात्र या स्थानांशी बआल आणि अशेरा ही कनानी दैवते जोडली गेली होती. त्याचा रोष त्यावर आहे.

आता धन. इथला शब्द ‘हयिल’, आणि मला या वचनात तोच सर्वांत बोलका वाटतो. हयिल म्हणजे बळ, सैन्य आणि संपत्तीही. ते गेले की पैशाबरोबर राष्ट्राचा कणाच जातो. भांडारांसाठी ‘ओत्सारोथ’ आहे. बायबलमधल्याच ‘२ राजे’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात हाच शब्द मंदिराच्या आणि राजवाड्याच्या खजिन्यांसाठी येतो. इ.स.पू. ५९७मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने ते खजिने रिकामे केले आणि शलमोनाने घडवलेली सोन्याची पात्रे तोडून टाकली.

लुटणारा बाबेलचा राजा असला, तरी यिर्मयाच्या वाक्यात देणारा कर्ता देव आहे. १५व्या अध्यायात जवळजवळ हेच वाक्य आहे, तिथे ‘मोल न घेता’ हे शब्द जास्त आहेत. देव हे धन परक्यांना फुकट देऊन टाकतो.

माझ्या शब्दांत हे वचन असे वाचावे: तुझे बळ, तुझी संपत्ती, तुझी सगळी भांडारे मी लुटीला देईन, कारण तुझ्या साऱ्या सीमांत तू पूजास्थाने उभारून पाप केलेस.