मालदीवची डायव्हिंग सहल आणि पॉलिसीवरचं कर्ज

एका वाचकाचं पत्र आहे. वय ४३, पत्नी ४० वर्षांची, मुलगी १४, मुलगा १०. घरात कमावते हे एकटेच, पगार हातात १ लाख ६० हजार. गृहकर्ज ४८ लाख बाकी, हप्ता ४६ हजार, अजून १६ वर्षं. घरखर्च ६० हजार, एसआयपी १५ हजार. एफडीत ८ लाख, पीएफमध्ये साधारण १७ लाख. सहा वर्षांपूर्वी घेतलेली एक ‘गॅरंटीड’ पॉलिसी आहे: वर्षाला १ लाख २० हजार, १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २८ लाख मिळणार.

मुलगी दहावीत जायच्या आत चौघांना मालदीवला जाऊन स्कूबा शिकायचं आहे. सहा रात्री. एका रिसॉर्टचं पॅकेज ९ लाखांचं, त्यात जेवणखाण, बोट आणि ‘अनलिमिटेड डायव्हिंग’ सगळं आलं. दुसऱ्याचं साडेसहा लाखांचं, पण डायव्हिंग आणि दुपारचं जेवण वेगळं. कोणतं घ्यावं, हा प्रश्न. त्यांचा कल पहिल्याकडे आहे. पैसे पॉलिसीवर ३ लाख ४० हजार कर्ज काढून आणि उरलेले एफडी मोडून उभे करायचे. ५० हजार आगाऊ भरून झालेत. शेवटी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात: पुढच्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे, आणि अधूनमधून दम्याचा पंप घ्यावा लागतो, जो एजंटने पॉलिसीच्या फॉर्मवर ‘लिहायची गरज नाही’ म्हणून लिहिलाच नव्हता.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत संपेल, ते शेवटी देतो. आधी मला तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल बोलायचं आहे.

पॉलिसीत आयुर्विमा किती आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक तुम्हाला ते कोणी ठळकपणे सांगितलंही नसेल. हप्त्याच्या दहापट धरला तर १२ लाख. डोक्यावर कर्ज ४८ लाखांचं. उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याच्या पैशांत गृहकर्जाचा चौथा भाग फिटेल आणि दोन मुलांना घेऊन तुमच्या पत्नीने ४६ हजारांचा हप्ता भरत राहायचा. त्यात तुम्ही काढणार असलेलं कर्ज आधी दाव्यातून वळतं होतं, म्हणजे उरले साडेआठ लाख. ‘कंपनीचा ग्रुप विमा आहे’ असं म्हणाल, तर तो राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी संपतो. कंपनीचा आरोग्य विमाही त्याच दिवशी.

तुम्हाला किती विमा हवा? कर्जाचे ४८ लाख. घरखर्च वर्षाला सव्वासात लाख, वीस वर्षांचा धरला तर दीड कोटीच्या आसपास. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतील असं समजा. मुलांच्या शिक्षणाचे ३०-४० लाख. त्यातून पीएफ-एफडी वजा करा. दोन कोटी. तुमच्या वयाला साठीपर्यंतच्या साध्या टर्म विम्याचा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, एरवी काही परत न देणारा विमा) हप्ता वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास धरा, दम्यामुळे थोडा जास्त. आज तुम्ही सव्वा लाख भरून बारा लाखांचं संरक्षण घेताय. ज्याने ही पॉलिसी तुम्हाला ‘घरासाठी कवच’ म्हणून विकली, त्याने गृहकर्जाचा आकडा एकदा तरी विचारला होता का?

टर्म विमा नोकरीत असतानाच घ्या. आज हातात पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी दाखवण्यासारखं उत्पन्नच नसेल आणि कंपनी दोन कोटी द्यायला तयार होणार नाही. फॉर्मवर दमा लिहा, पंपाचं नाव लिहा, डायव्हिंग करणार असाल तर तेही लिहा, विचारतात. जुन्या पॉलिसीची काळजी नको: विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटलेल्या आयुर्विमा पॉलिसीवर कंपनी लपवलेल्या माहितीचं कारण काढू शकत नाही. नव्या पॉलिसीची तीन वर्षं मात्र नव्याने सुरू होतात. आणि एक सही आठवणीने करा. पॉलिसी १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या. उद्या व्यवसायाचं देणं थकलं तरी त्या पैशांवर सावकार हात ठेवू शकत नाही, ते पत्नी-मुलांचेच राहतात. हे घेतानाच करावं लागतं, मागाहून नाही.

आरोग्य विमाही स्वतःचा, आजच. दम्यासाठीची थांबण्याची मुदत, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं असते. ती नोकरीत असताना सुरू झाली तर तेवढी आधी संपेल.

आता त्या २८ लाखांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, ‘पैसे जवळपास दुप्पट होतात.’ होतात, पण वीस वर्षांत. हिशेब केला तर परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या जरा वर. ‘गॅरंटी’ या एका शब्दावर अशा पॉलिस्या अजून खपतात, याची मला मनापासून चीड येते.

तरीही ही पॉलिसी तोडा असं मी सांगणार नाही. गेलेलं गेलं, आता इथून पुढचं बघा. आज सरेंडर केलं तर सव्वाचार लाखांच्या आसपास मिळतील, कारण कर्ज त्याच्या ऐंशी टक्के मिळतंय. ते सव्वाचार लाख आणि राहिलेले सहा हप्ते दुसरीकडे गुंतवून चौदा वर्षांनी २८ लाख करायचे, तर ७.४ टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तेही करमुक्त. तुमच्या कराच्या टप्प्यात एफडी इतकं देत नाही, पीपीएफ ७.१ टक्के देतं. सगळा तोटा पहिल्या सहा वर्षांत होऊन गेलाय. म्हणून चालू ठेवा. व्यवसायात हात आखडला आणि हप्ता झेपेना, तर पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवा.

फक्त त्यावर कर्ज काढू नका. ‘हे कर्ज फेडायचंच नसतं, शेवटी आपोआप कापून घेतात,’ असं एजंटने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. कापून घेतात हे खरं. किती, ते त्याने सांगितलं नाही. तुम्ही लिहिलेल्या साडेनऊ टक्क्यांनी ३ लाख ४० हजारांचे चौदा वर्षांत १२ लाख होतात. २८ मधून १२ गेले, उरले १६. एकूण भरलेले १४ लाख ४० हजार. म्हणजे वीस वर्षं पैसे अडकवून दीड लाख रुपये कमाई! शिवाय कर्ज-व्याज सरेंडरच्या रकमेच्या वर गेलं तर कंपनी पॉलिसी बंदही करू शकते.

एफडीचंही तेच. घरखर्च, हप्ता आणि पॉलिसी मिळून महिन्याला १ लाख १६ हजार लागतात. ८ लाख म्हणजे सात महिने. त्यातून पाच लाख दहा हजार काढलेत तर उरतात अडीच महिने, आणि त्याच वर्षी तुम्ही पगार सोडणार. व्यवसायातून अडीच महिन्यांत घर चालेल अशी आशा तुम्ही धरली आहे का? निदान एक वर्षाचा खर्च, १४ लाख, बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

आता सहल. ती व्हावी असं मलाही वाटतं. मुलगी चौदा वर्षांची आहे, आईवडिलांबरोबर पाण्यात उतरायला तिला आवडतंय, हे दिवस पुढे ढकलण्यासारखे नाहीत. पण ‘अनलिमिटेड डायव्हिंग’ तुम्हा चौघांना वापरताच येणार नाही. पहिला दिवस पोहोचण्यात जातो. डायव्हिंगचे दिवस ओळीने केले की विमानात बसण्याआधी निदान १८ तास पाण्याबाहेर राहायचं असतं, म्हणजे शेवटचा दिवसही गेला. मधल्या दिवसांत प्राथमिक कोर्सच तीन-चार दिवस खातो. दहा वर्षांच्या मुलाला कोर्स करता येतो, पण १२ मीटरच्या खाली नाही. ‘अनलिमिटेड’ हे रोज तीन-तीन डाइव्ह मारणाऱ्या सराईत माणसासाठी असतं. दुसऱ्या रिसॉर्टच्या दरातही वरचे आकडे आहेत का ते विचारा: दहा टक्के सेवा शुल्क आणि त्यावर सतरा टक्के कर धरला की यादीतले १०० डॉलर बिलात १२९ होतात. शिवाय माणशी रात्रीला १२ डॉलर ग्रीन टॅक्स.

म्हणून दोन्ही नको. अंदमानला स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, तोच कोर्स होतो, तेच प्रमाणपत्र मिळतं. चौघांचं मिळून तीन-साडेतीन लाखांत बसेल. तुमचे महिन्याला तीस हजार उरतात; टर्मचा हप्ता जाऊन पंचवीस. वर्षभरात एफडीला हात न लावता पैसे जमतात. प्रमाणपत्र कायमचं असतं, मालदीव पुढे कधीही करा.

बुकिंग कुठलंही असो, आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा. डायव्हिंग सेंटरच्या आरोग्य-प्रश्नावलीत दम्याला ‘हो’ म्हटलं की डॉक्टरांची लेखी परवानगी लागते, आणि फुप्फुसात हवा अडकून वर येताना काय होऊ शकतं हे ज्यांना माहीत आहे ते ती सहजासहजी देत नाहीत. इथे ‘नाही’ लिहायचा मोह अजिबात नको. प्रवास विम्यात स्कूबा बहुतेक वेळा वगळलेलं असतं. ते वेगळं जोडून घ्या आणि दमा जाहीर करा.

राहिले आगाऊ भरलेले ५० हजार. रद्द करण्याची अट वाचा, तारीख बदलून मिळते का ते आजच विचारा. काहीच परत मिळालं नाही, तरी त्या ५० हजारांसाठी पुढचे साडेआठ लाख भरू नका.