पुढचं इंजेक्शन टाळू का?

भांडुपच्या एका वीस वर्षांच्या मुलाने लिहिलंय, ताई मला क्लाइनफेल्टर आहे, म्हणजे एक्स क्रोमोसोम एक जास्त, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू केल्यापासून तोंड, छाती, पाठ सगळी फोडांनी भरलीये, आई म्हणते इंजेक्शन गरम पडतंय, कॉलेजला जायची लाज वाटते, पुढचं टाळू का?

नको रे बाळा, डॉक्टरांना न सांगता अजिबात नको. आईने इंजेक्शनवर बोट ठेवलं ते बरोबरच आहे, फक्त ही उष्णता नाहीये. जे हार्मोन वयात येताना तुला कमी पडलं ते आता बाहेरून मिळतंय, त्यामुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात, छिद्रं बुजतात आणि आत गाठी होतात. वडापाव सोडून हे जाणार नाही. पण तेच हार्मोन तुझ्या हाडांना आणि स्नायूंना लागतंय. इंजेक्शननंतर लेव्हल एकदम चढते, मग उतरत जाते, म्हणून डोस कमी करणं, दोन इंजेक्शनांतलं अंतर बदलणं किंवा जेल देणं असे मार्ग डॉक्टरांकडे असतात, ते विचार.

स्किनच्या डॉक्टरकडेही जा, केईएम, सायन, नायर, कुठल्याही ओपीडीत, आणि इंजेक्शनचं लपवू नकोस. आयसोट्रेटिनोइन, म्हणजे जास्त फोडांवरचं पोटात घ्यायचं औषध, दिलं तर आधी लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या टेस्ट करतील, ओठ फुटतील, ते चालतं, पण डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकसोबत ते घ्यायचं नसतं. मेडिकलवाल्याने अशीच दिलेली ट्यूब लावत असशील तर ती स्किनच्या डॉक्टरांना दाखव, अशा कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं आणि त्यानेच फोड वाढतात.

फोड फुटून जखमा झाल्या, रक्त यायला लागलं, ताप आला, सांधे दुखायला लागले तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ, तो वेगळा आणि गंभीर प्रकार असतो.

आणि एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. क्लाइनफेल्टर असलेल्या काही जणांमध्ये छोट्या ऑपरेशनने शुक्राणू मिळू शकतात, आणि बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन ते बनणं दाबतं, तेव्हा पुढे मूल हवं असेल तर हे बोलणं आत्ताच करून घे, इंजेक्शनं चालू करण्याआधी कोणी बोललं नसेल तर नक्कीच.

पुढच्या डोसच्या आधीच फोन करून अपॉइंटमेंट घे, तोंडाचे आणि पाठीचे फोटो तारखेसकट काढून ने म्हणजे इंजेक्शननंतर कधी वाढतात ते त्यांना दिसेल, आणि आईला सोबत ने, गरम पडतं का ते तिलाच विचारू दे.