ढकलतो की ठोठावतो?

प्रश्न : मी चिनी शिकतो आहे. एका बातमीत वाक्य आलं, ‘हा दावा थुइछ्याओला टिकत नाही.’ कोशात ‘थुइ’ म्हणजे ढकलणे, ‘छ्याओ’ म्हणजे ठोठावणे. दाव्याला कोण ढकलतंय? मराठीत काय म्हणावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ढकलाढकली दाव्याची नाही हो, दाराची आहे. चीनमधल्या थांग राजवटीच्या काळातला कवी जिया दाओ (७७९–८४३) आधी बौद्ध भिक्षू होता. आख्यायिका अशी की गाढवावरून जाताना त्याला ओळ सुचली : तळ्याकाठच्या झाडावर पाखरं निजली, चांदण्यात भिक्षू दार ढकलतो. की ठोठावतो? हातानं एकदा ढकलल्यासारखं, एकदा ठोठावल्यासारखं करत स्वारी राजधानी छांग-आनमध्ये थेट एका बड्या अधिकाऱ्याच्या लवाजम्यात घुसली. अधिकारी निघाला हान यू, स्वतः नामांकित लेखक. रागावायचं सोडून तोही विचारात पडला आणि म्हणाला, ‘ठोठावतो’च बरं. (दोघांची ओळख बरीच आधीची, त्यामुळे अभ्यासक या भेटीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत.)

वाद तिथं मिटला नाही. विसाव्या शतकातले समीक्षक जू ग्वांगछ्येन यांना ‘ढकलतो’ सरस वाटलं : ठोठावलं म्हणजे आत कुणीतरी आहे, ढकललं तर भिक्षू एकटा. युक्तिवाद देखणा आहे, पण कविता ली निंग नावाच्या माणसाच्या निवासावर आहे. रात्री दुसऱ्याच्या घरी दार लोटून कोण शिरतं? माझं मत हान यूला.

या गोष्टीवरून ‘थुइछ्याओ’ म्हणजे बारकाईनं तोलून-तपासून पाहणं. आता वापर. शब्द, वाक्यं, युक्तिवाद, योजनेचे तपशील यांचा थुइछ्याओ होतो. माणसाचा होत नाही. ‘फानफू थुइछ्याओ’ म्हणजे पुन्हापुन्हा तोलून पाहणं, ही दादच. ‘जिंग-बु-छी थुइछ्याओ’ म्हणजे अशा तपासणीला न टिकणं, तुमचं बातमीतलं वाक्य. जपानीत हीच दोन अक्षरं ‘सुइको’ म्हणून वाचतात, पण तिथं अर्थ लिखाणावर हात फिरवण्यापुरताच.

मराठीत ‘शब्दांचा कीस काढणे’ लिहू नका, त्यात कुचेष्टा आहे. थुइछ्याओत ती अजिबात नाही. लेखनाबद्दल असेल तर ‘शब्द पारखून घेणे’ चालेल. तुमचं वाक्य मी असं करीन : ‘जरा खोलात गेलं की हा दावा टिकत नाही.’

आणि रोमन लिपीत ‘टी’, ‘क्यू’ दिसतात म्हणून ‘तुइक्याओ’ म्हणू नका. थ आणि छ आपल्याकडे आयते आहेत.