बघणारे सगळे पुरुषच कसे?

चॅनल चालवणाऱ्या बायकांकडून हल्ली एक तक्रार वरचेवर ऐकू येते: ‘व्हिडिओ करते बायकांसाठी आणि बघणारे निघतात पुरुष.’ सांगलीकडच्या सुनीताताई (नाव बदललं आहे) त्यातल्याच. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कटाची आमटी असं साधं रांधणं त्या दाखवतात, नव्यानं संसाराला लागलेल्या मुलींसाठी. एकदा नवऱ्यानं यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलचे आकडे दिसतात तिथं, ‘प्रेक्षक’ हे पान उघडलं. पुरुषांची पट्टी लांबलचक, त्यातही २५ ते ३४ वयाचे जास्त. त्या रात्रीपासून घरात अबोला. ताईंनी चेहरा दाखवणंच सोडलं, व्हिडिओत नुसते हात. झोपही उडाली. शेवटी त्यांनी मला विचारलं:

“माझ्या वागण्या-बोलण्यात काही वावगं दिसतं का हो, मॅडम?”

याला ‘छे, छे’ म्हणून भागत नाही. धसका आकड्यानं घेतला होता, म्हणून तो आकडाच दोघी समोर घेऊन बसलो.

“तुमच्या सासूबाई कीर्तनं कोणत्या फोनवर बघतात?”

“ह्यांच्या जुन्या.”

“आणि त्यावर खातं कुणाचं?”

ताई क्षणभर गप्प झाल्या, मग खुदकन हसल्या. यूट्यूबच्या लेखी त्यांच्या सासूबाई म्हणजे तिशीतला बाप्या! वय आणि स्त्री-पुरुष ही माहिती लॉग-इन असलेल्या खात्यावरून काढलेली असते. फोन हातात कुणाच्या आहे, ते तिथं कळत नाही. आपल्याकडे घरातला फोन बहुतेक वेळा मुलानं नाहीतर नवऱ्यानं चालू करून दिलेला असतो.

अर्थात, सगळेच काही सासूबाई नव्हते. म्हणून कमेंट वाचायला घेतल्या. ‘काकू, एकट्यापुरतं पीठ किती घेऊ?’ ‘रूमवर परात नाही, ताटात थापली तर चालेल का?’ कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, कुणी दुबईत कामाला गेलेला. देशांच्या यादीत भारताखालोखाल संयुक्त अरब अमिराती होतं. तिथवर ताईंची नजर गेलीच नव्हती. प्रेक्षक कोणत्या वेळी असतात तेही स्टुडिओत दिसतं. त्यांचे रात्री नऊनंतर वाढत होते. तोवर मेस बंद झालेली असते.

चार-दोन घाणेरड्या कमेंटही सापडल्या. अशांना उत्तर देत बसू नये, समजावण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. सेटिंगमध्ये ठरावीक शब्द अडवता येतात, त्या माणसाला चॅनलवरून लपवताही येतं. ते तिथल्या तिथं करून टाकलं.

यजमानांशी मात्र वेगळं बोलावं लागलं. त्यांचा राग बघणाऱ्यांवर नव्हताच. कट्ट्यावरचे मित्र चिडवत होते, आणि हे तोंडातून निघायला बराच वेळ गेला. कुणी पुन्हा छेडलंच तर काय म्हणायचं, ते त्यांचं त्यांनीच ठरवलं: “घरापासून लांब राहणारी पोरं उपाशी झोपू नयेत म्हणून शिकवते ती.”

ताई आता पुन्हा कॅमेऱ्यासमोर येतात. एकट्यापुरत्या स्वयंपाकाचे व्हिडिओ चालू केलेत, तेही रात्रीच्या जेवणाआधी टाकतात. नवरा फोन धरून उभा राहतो. कमेंट अजून आधी तोच चाळतो. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.